महालक्ष्मी ते वांद्रे: निर्देशक कुठला, अंतर कुठलं

दादर शून्यावर धरा. पश्चिम रेल्वेच्या धीम्या लोकलने विरारच्या दिशेला माटुंगा रोड १, माहीम २, वांद्रे ३. चर्चगेटकडे प्रभादेवी −१, लोअर परळ −२, महालक्ष्मी −३. (किलोमीटर बघाल तर ही स्टेशनं काही सारख्या अंतरावर नाहीत, आणि संख्यारेषेवर प्रत्येक घर सारखंच लागतं. म्हणून इथे नुसती स्टेशनं मोजू.)

महालक्ष्मी ते वांद्रे अंतर किती? नववीतल्या भाच्याने वहीत लिहिलं, ३ − ३ = ०.

म्हटलं, "गाडी हलायच्या आधीच वांद्रे आलं का रे?"

"मामा, अंतर ऋण नसतं ना! म्हणून वजाचं चिन्ह काढून टाकलं."

नियम बरोबर, पण लावला फार लवकर. −३ हा महालक्ष्मीचा निर्देशक, म्हणजे तिचा पत्ता. स्टेशन दादरच्या कुठल्या अंगाला आहे ते त्यातलं चिन्ह सांगतं. ते पुसलं की महालक्ष्मी उचलून वांद्र्यावर ठेवल्यासारखंच झालं. अंतर काढायचं तर मोठ्या निर्देशकातून लहान वजा करायचा, चिन्हासकट: ३ − (−३) = ६. पटत नसेल तर बोटं मोजा: लोअर परळ, प्रभादेवी, दादर, माटुंगा रोड, माहीम, वांद्रे. जिथे चढलो ते स्टेशन धरायचं नाही, नाहीतर सात होतात. हीही नेहमीची गफलत.

पुढच्या गणितात गडी उलटा घसरला. चर्नी रोड −६, महालक्ष्मी −३. याने बेरीज करून ९ लिहिले. दोन्ही स्टेशनं दादरच्या एकाच अंगाला, मग बेरीज कशाची? इथे मोठा निर्देशक −३, हे मात्र मुलांच्या गळी उतरायला वेळ लागतो. (−३) − (−६) = ३. चुकून उलटी वजाबाकी केली तर −३ येईल. तेव्हा खुशाल चिन्ह काढा. केवलमूल्याच्या दोन उभ्या रेघा हेच काम करतात. |क − ख| म्हणजे क आणि ख यांच्यातलं अंतर. |क| − |ख| म्हणजे क शून्यापासून ख पेक्षा किती जास्त लांब. दिसायला जुळी भावंडं, पण महालक्ष्मी-वांद्र्याला पहिलं ६ देतं, दुसरं ०.

इंग्रज गणिती जॉन वॉलिस यांनी १६८५ मध्ये ऋण संख्या समजावताना एक माणूस चालवला होता: ५ यार्ड पुढे, मग ८ यार्ड मागे. तो निघाल्या जागेपासून किती लांब, असं भाच्याला विचारलं. म्हणाला, तेरा. चपला तेरा यार्ड झिजल्या हे खरं, पण माणूस उभा आहे −३ वर, आणि निघाल्या जागेपासून लांब आहे ३ यार्ड.