मामा की भाऊ? उसाच्या कांड्यांवरून नातं ओळखताना

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीत जीवशास्त्र शिकवत होतो तेव्हाची एक विद्यार्थिनी मध्यंतरी घरी आली. ती दत्तक आहे हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. आईवडिलांनी कधी लपवलं नाही. आता तिशी ओलांडल्यावर जन्मदात्या घरचा शोध घ्यावा असं तिच्या मनात आलं. परदेशातल्या मैत्रिणीच्या मदतीने तिने लाळेची चाचणी करून घेतली होती. मोबाईलवरचा अहवाल तिने माझ्यापुढे धरला. एका अनोळखी माणसाशी तिचा 2140 सेंटिमॉर्गन डीएनए जुळत होता आणि खाली नातं लिहिलं होतं, सख्खं किंवा सावत्र भावंड. तो माणूस पन्नाशीतला होता.

"सर, हा माझा भाऊ का?"

मी म्हटलं, घाई नको. चहा होईपर्यंत थांब, मग हा आकडा नीट वाचू.

लाळ पाठवली की आईचं नावगाव छापून येतं, अशी एक समजूत पसरली आहे. तसं काही होत नाही. त्या कंपनीच्या साठ्यात तुमच्या नात्यातल्या कुणीतरी आधीच लाळ दिलेली असावी लागते. हे साठे मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांनी भरलेले आहेत. आपल्याकडच्या माणसाला बहुतेक वेळा दूरचे, विस्कळीत दुवेच मिळतात. "तुम्ही इतके टक्के दक्षिण आशियाई" अशी रंगीत चकती मिळते, तिचा शोधाला काडीचाही उपयोग नाही. हिला एवढा जवळचा दुवा मिळाला हे तिचं नशीबच.

आता सेंटिमॉर्गन म्हणजे काय ते. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात, जोडीतलं एक आईकडून आलेलं, एक वडिलांकडून. तुम्ही पुढच्या पिढीला जोडीतलं एकच देता, पण ते जसंच्या तसं देत नाही. एक काळा ऊस आणि एक पांढरा ऊस शेजारी उभे धरा. दोन्हींवर एकाच पेऱ्यावर कोयता मारा आणि वरचे तुकडे अदलाबदल करून जोडा. खाली काळा, वर पांढरा असा नवा ऊस तयार झाला. बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांचं असंच होतं. वडिलांकडे एका पिढीत सगळी गुणसूत्रं मिळून असे सव्वीस-सत्तावीस घाव पडतात, आईकडे चाळीसच्या वर. ज्या अंतरात असा घाव पडण्याची शक्यता एका पिढीत शंभरात एक असते, ते अंतर एक सेंटिमॉर्गन. थॉमस हंट मॉर्गन यांच्या नावावरून हे माप आलं. फळमाशीवर काम करणाऱ्या या शास्त्रज्ञाला 1933 साली नोबेल मिळालं. पण घावांच्या संख्येवरून जनुकांमधलं अंतर मोजता येईल ही कल्पना त्यांच्या प्रयोगशाळेतल्या आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या कॉलेजातल्या पोराची. 1911 साली एका रात्रीत, कॉलेजचा अभ्यास बाजूला सारून, त्याने जगातला पहिला जनुक नकाशा काढला. वर्गात हे सांगताना दरवर्षी माझ्या अंगावर काटा यायचा.

दर पिढीला घाव पडत गेले की तुकडे लहान होत जातात. म्हणून जवळच्या नातेवाइकांमध्ये लांब तुकडे सारखे असतात, दूरच्यांमध्ये फक्त तोकडे. आई किंवा वडिलांशी मुलाचं सुमारे 3500 सेंटिमॉर्गन जुळतं. सख्ख्या भावंडांचं 2600 च्या आसपास. एकच पालक समान असलेल्या सावत्र भावंडाशी 1750, मामा, काका, मावशी, आत्या यांच्याशीही तितकंच. चुलत, मामे, आते, मावस भावंडांशी 875. ही सरासरी आहे, प्रत्यक्षात आकडा खाली-वर होतो.

2140 यातल्या कुठल्याच सरासरीशी नीट जुळत नाही, म्हणून यंत्राने अंदाजाने भावंड लिहिलं. ते कोष्टक ज्या समाजांवरून केलंय तिथे नात्यात लग्नं फारशी होत नाहीत. आपल्या भागात मामाची मुलगी करणं मराठी घरांत नवं नाही, आणि कानडी घरांत मामा-भाचीचं लग्नही लागतं. 1955 चा हिंदू विवाह कायदा असं लग्न रूढी असेल तिथे मान्य करतो.

समजा, हिच्या जन्मदात्या वडिलांनी आपल्या सख्ख्या थोरल्या बहिणीची मुलगी केली. त्या मुलीचा भाऊ हिचा मामा झाला. पण तो वडिलांचा भाचाही आहे, म्हणजे हिचा आतेभाऊ. मामा म्हणून आईच्या बाजूने तो निम्म्या लांबीवर जुळणार, 1750. आतेभाऊ म्हणून वडिलांच्या बाजूने पाव लांबीवर, 875. बेरीज 2625. पण काही ठिकाणी दोन्ही बाजू एकाच जागी जुळतात आणि यंत्र ती जागा एकदाच मोजतं. ती जागा साधारण अष्टमांश, म्हणजे 440. वजा केली की 2190 च्या आसपास उरतात. तिच्या आकड्याला हे फार जवळचं होतं.

तिने लगेच विचारलं, "म्हणजे मामाच ना?" आकड्यावरून एवढं म्हणता येत नाही. दोघांची आई एक आणि वडील एकमेकांचे सख्खे भाऊ असतील, विधवा बाईचा दिराशी पाट लागला असेल, तरी बरोबर हाच आकडा येतो. मग दोन्हींत फरक कसा करायचा? इथे मला या विज्ञानातली सर्वांत सुंदर गोष्ट सापडते. दुसऱ्या माणसाशी तुलना थांबवायची आणि स्वतःच्याच जोडीतल्या दोन गुणसूत्रांची एकमेकांशी तुलना करायची. आईवडील एकमेकांच्या नात्यात असतील तर काही लांब पट्ट्यांत दोन्ही ऊस एकाच रंगाचे निघतात, कारण दोन वाटांनी तोच तुकडा तुमच्यापर्यंत पोचलेला असतो. मामेबहिणीशी लग्न झालं असेल तर असे पट्टे सरासरी एकूण लांबीच्या एक षोडशांश, मामा-भाचीचं असेल तर एक अष्टमांश. दिराच्या शक्यतेत असे लांब पट्टे नसतील. पट्टे तोकडे असतील, पाच-सहा सेंटिमॉर्गनचे, तर ते दहा पिढ्यांच्या भाऊबंदकीतून, एकाच जातीत लग्नं होत राहिल्याने आलेले. वीस-तीस सेंटिमॉर्गनचे असतील तर नातं अगदी अलीकडचं.

ही तपासणी जेडमॅच (GEDmatch) या संकेतस्थळासारख्या साधनांवर करता येते. तिच्या फाइलीत अष्टमांशाच्या जवळपास लांब पट्टे निघाले. ती थोडी गप्प झाली. मी तिला सांगितलं, परदेशी माणसाला हे पाहून घरात काहीतरी भयंकर घडलं असं वाटेल. आपल्याकडे त्यामागे बहुधा मांडवात, अक्षता टाकून झालेलं लग्न असतं. लाज वाटण्याजोगं त्यात काही नाही.

याच शोधासाठी तिने एका ज्योतिषालाही पैसे दिले होते. जन्मवेळ माहीत नाही म्हणून प्रश्नकुंडली मांडून त्याने "आई पूर्वेला, पाण्याजवळ" असं सांगितलं. घटप्रभा, मलप्रभा, कृष्णा, मार्कंडेय एवढ्या नद्यांच्या जिल्ह्यात पाण्याजवळ कोण नाही? "रक्त रक्ताला ओळखतं" हेही खोटं आहे. ओ गटाचा शेजारी तुमचा काका ठरत नाही. एका अगतिक माणसाच्या आशेवर असा धंदा करणं मला अतिशय दुष्टपणाचं वाटतं.

आडनावांवरही विसंबू नये. पाटील, देसाई, कुलकर्णी ही मुळात वतनं होती. पाटील मराठा असतो, लिंगायत असतो, जैन असतो. चिकोडीचा पाटील आणि खानापूरचा पाटील यांचा एक तुकडाही सारखा नसू शकतो.

शेवटी कागद हवेतच. संस्थेतून दत्तक झालं असेल तर 2022 च्या दत्तक नियमावलीनुसार 18 वर्षं पूर्ण झालेल्या व्यक्तीला स्वतः मूळ शोधासाठी अर्ज करता येतो. तिऱ्हाइताला करता येत नाही, आणि जन्मदात्या आईने ओळख गुप्त ठेवायला सांगितलं असेल तर आधी तिची संमती लागते. घराघरांत झालेलं दत्तक असेल तर नोंदणी कार्यालयातलं दत्तकपत्र पाहायचं. इथे भाषेचाही अडथळा येतो. 1 नोव्हेंबर 1956 ला हा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. त्यामुळे एकाच घराण्याचे जुने कागद मराठीत, काही मोडीत, आणि पुढचे कानडीत असू शकतात. कानडी वाचणारा माणूस सोबत नेलेला बरा.

तिने त्या माणसाला संदेश लिहिला. आधीच्या मसुद्यात "भाऊ" होतं, ते खोडून तिने नात्याचा उल्लेखच टाळला. फक्त विचारलं, तुम्हाला बहीण आहे का, आणि तिचं लग्न नात्यात झालं होतं का. पाठवायचं बटण दाबताना तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.