दोन रुपयांचा डायोड आणि आमचं बिल

“कार्डातला डायोडच तर गेला होता, मग एवढे पैसे कसे?” मशीनची कार्डं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, दुरुस्त करणाऱ्या आमच्या दुकानात काउंटरवर हा प्रश्न नेहमी येतो, आणि तो रास्त आहे. १एन४००७ नंबरचा डायोड खरंच दोन-तीन रुपयांना मिळतो. पण तो का गेला हे न बघता नुसता बदलला, तर तेच कार्ड पुन्हा जळायला वेळ लागत नाही.

डायोड म्हणजे विहिरीवरच्या मोटारीचा फूटव्हॉल्व. करंट एका बाजूनं जाऊ देतो, उलटा येऊ देत नाही. साध्या सिलिकॉन डायोडवर ०.६ ते ०.७ व्होल्ट खर्च होतात, शॉटकी या दुसऱ्या जातीच्या डायोडवर साधारण ०.३. चार डायोडांचा ब्रिज एसीचा डीसी करतो. झेनर जातीचा डायोड मात्र मुद्दाम उलटा लावतात. ठरलेल्या व्होल्टेजला, समजा १२ ला, तो उलट्या बाजूनं वाहू लागतो आणि व्होल्टेज तिथंच धरतो.

डायोड बहुतेक वेळा शॉर्ट जातो, म्हणजे दोन्ही बाजूंनी करंट सोडू लागतो. स्विच टाकला की फ्यूज लगेच उडतो, ही त्याची खूण. अशा वेळी फ्यूजच्या जागी जाड तार घालू नका. पुढचा नंबर ट्रान्सफॉर्मरचा लागतो. क्वचित डायोड ओपन जातो, म्हणजे कुठल्याच बाजूनं करंट जाऊ देत नाही. ब्रिजमधला एक ओपन झाला तर मशीन चालतं, पण व्होल्टेज पडतं आणि गुणगुण ऐकू येते. सगळ्यात त्रासदायक म्हणजे लीक झालेला, उलट्या बाजूनं थोडा करंट गळणारा डायोड: सकाळी ठीक, दुपारी बंद. तापमान दहा अंशांनी वाढलं की गळती साधारण दुप्पट होते, आणि सोलापूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहेच. त्यात मागाच्या शेडमध्ये हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या) फटींत सुताची धूळ गच्च बसते. ब्रिज नवा टाकला, पण धूळ काढली नाही आणि थर्मल पेस्ट लावली नाही, तर तोही भाजणारच.

रिलेच्या (कॉइलनं चालणाऱ्या स्विचच्या) किंवा ब्रेकच्या कॉइलवर उलटा लावलेला डायोड कुणाच्या लक्षात येत नाही. कॉइलचा सप्लाय तुटताना ती उलटं व्होल्टेज फेकते, २४ व्होल्टच्या कॉइलमधूनही शेकडो व्होल्ट. हा डायोड ओपन असेल तर शेजारचा ट्रान्झिस्टर मरतो. लोक ट्रान्झिस्टरच बदलत राहतात.

एसएमपीएसमध्ये, म्हणजे वेगानं चालू-बंद होऊन व्होल्टेज बदलणाऱ्या पॉवर सप्लायमध्ये, पल्स सेकंदाला हजारो वेळा येतात. तिथं यूएफ४००७ हा झटपट बंद होणारा डायोड लागतो. साधा ४००७ दिसायला तसाच, पण बंद व्हायला वेळ घेतो, तापतो आणि जातो. “बसतोय ना, मग चालेल” हा हिशेब इथं चालत नाही.

गच्चीवरच्या सोलर पॅनेलच्या मागच्या डबीत बहुधा तीन बायपास डायोड असतात, सावलीतला भाग वगळून करंट पुढं नेणारे. पाण्याच्या टाकीची सावली रोज त्याच जागी पडत असेल तर ते सतत तापतात. त्यातला एक शॉर्ट झाला की पॅनेलचं एक तृतीयांश व्होल्टेज गेलंच समजा.

घरी तपासायचं असेल तर आधी प्लग काढा आणि कपॅसिटर डिस्चार्ज होऊ द्या. २३० व्होल्टवर चालणाऱ्या कार्डात ३२५ व्होल्ट डीसी साठून राहतं, झटका जिवावर बेतू शकतो. मग मीटर डायोड रेंजवर ठेवा. एका बाजूनं ०.५ ते ०.७, दुसऱ्या बाजूनं रीडिंगच येत नाही (शून्य नव्हे), म्हणजे बरा. दोन्हीकडून शून्य आलं तर एक पाय सोडवून पुन्हा मोजा, कारण बोर्डावरचं रीडिंग फसवतं.

कार्ड आणताना जळालेला भाग फेकू नका, त्याच्यावरचा नंबर आम्हाला लागतो. आधी कुणी हात घातला असेल तर तेही सांगा. लपवलं तर शोधायला वेळ लागतो आणि बिल वाढतं.