ऊब डिझेलची, भिस्त बॅटरीवर

डिसेंबरात म्युनिकच्या दक्षिणेला, आल्प्सच्या पायथ्याशी मोटारहोम, म्हणजे राहण्याची सोय असलेली गाडी, उभं केलं की साडेचारच्या आतच सूर्य मावळतो आणि पुन्हा उगवतो तो सकाळी आठच्या सुमारास. साडेपंधरा तासांची रात्र, बाहेर उणे १० अंश, आणि विजेची जोडणी जवळपास कुठेही नाही. हाताशी असते ती गाडीतली १२ व्होल्टची, १०० अँपिअर-तासांची बॅटरी. तिच्यात वीज किती? १,२०० वॅट-तास, म्हणजे घरच्या मीटरवरचं जेमतेम सव्वा युनिट. तिच्यावर २,००० वॅटचा विजेचा हीटर लावला, तर कागदावरच्या हिशेबानेही ती ३६ मिनिटांत रिकामी होईल. याउलट एक लिटर डिझेल जाळलं की सुमारे १० युनिट उष्णता मिळते, एक किलो प्रोपेनमधून पावणेतेरा. म्हणूनच अशा मुक्कामात ऊब मिळवायची ती इंधन जाळूनच.

तरीही पहाटे चारला हीटर बंद पडतो आणि टाकीत डिझेल भरपूर असतं, असं अनेकांच्या बाबतीत घडतं. कारण ज्योत डिझेलची असली, तरी तिला हवा पुरवणारा पंखा, इंधन सोडणारा पंप आणि सगळ्यावर लक्ष ठेवणारं इलेक्ट्रॉनिक्स बॅटरीवर चालतं. गरम हवा गाडीभर फिरवण्याचं कामही पंख्याचंच.

ही वीज किती लागते? एबरस्पेशर या जर्मन कंपनीच्या एअरट्रॉनिक डी-२ या हीटरचे आकडे बघण्यासारखे आहेत. सर्वात मंद चालताना तो साधारण ८५० वॅट उष्णता देतो आणि त्यासाठी बॅटरीतून ८ वॅट घेतो. पूर्ण जोरात चालताना २,२०० वॅट उष्णता देतो, पण बॅटरीतून ३४ वॅट ओढतो. उष्णता अडीच पटींनी वाढली, विजेचा खर्च मात्र सव्वाचार पटींनी! यामागे पंख्याचं भौतिकशास्त्र आहे. पंख्याचा वेग दुप्पट केला की हवा दुप्पट वाहते, पण त्यासाठी लागणारी शक्ती तत्त्वतः आठपट होते. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनिक्सचा ठरावीक खर्च आणि मोटरची कार्यक्षमता यांमुळे गणित इतकं टोकाचं राहत नाही, पण कल तोच राहतो.

आता हे रात्रीच्या मापात घालू. १५ तास मंद चाललेला हीटर १० अँपिअर-तास खातो, जोरात चाललेला ४२ हून जास्त. शिशाच्या बॅटरीतून निम्मीच क्षमता वापरावी, नाहीतर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणजे हाताशी ५० अँपिअर-तास. त्यातच दिवे, पाण्याचा पंप, फोन. शिवाय शिशाची बॅटरी थंडीत आखडते. उणे २० अंशांना तिची क्षमता जवळपास अर्धी उरते.

म्हणूनच बॅटरी वाचवायची असेल तर सुरुवात बॅटरीपासून करू नये, गाडीच्या पुढच्या काचेपासून करावी. मोटारहोमच्या राहत्या भागातल्या खिडक्या बहुधा दुहेरी ॲक्रिलिकच्या असतात, पण ड्रायव्हरच्या समोरची भलीमोठी काच मात्र एकेरी असते आणि उष्णता तिथून सतत बाहेर जाते. तिच्यावर बाहेरून जाड थर्मल आवरण घातलं की हीटर मंद गतीवर उतरू शकतो. तेवढ्याने डिझेल वाचतंच, पण वीज त्याहून जास्त प्रमाणात वाचते. आवरण आतून लावलं तर काच थंडच राहते आणि तिच्यावर वाफेचं पाणी साचतं, म्हणून बाहेरचं आवरण उजवं.

पहाटेच्या त्या बिघाडाकडे जरा जवळून पाहू. बटण दाबल्यावर पंखा फिरू लागतो, डिझेल पेटवणारा ग्लो प्लग लालभडक होतो, पंप टक् टक् करत डिझेल थोडं थोडं सोडतो आणि दोन-तीन मिनिटांत ज्योत धरते. ग्लो प्लग तेवढ्या वेळात सुमारे ८ अँपिअर ओढतो. खर्च म्हणून हे अर्ध्या अँपिअर-तासाच्याही आत, पण थंडीने बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यात वायर लांब आणि बारीक असेल तर हीटरपर्यंत पोहोचणारा व्होल्टेज धाडकन खाली येतो. साधारण साडेदहा व्होल्टच्या खाली गेला की हीटर स्वतःच थांबतो. म्हणून कडक थंडीत रात्री हीटर बंद करून पहाटे पुन्हा लावण्यापेक्षा तो मंद चालू ठेवणंच शहाणपणाचं, असं माझं ठाम मत आहे. एक पथ्य मात्र पाळावं लागतं. सतत मंद जळण्याने बर्नरमध्ये काजळी धरते. म्हणून अधूनमधून, शक्यतो गाडी चालू असताना, हीटर थोडा वेळ पूर्ण जोरात चालवावा.

छतावरच्या सौर पॅनेलवर या दिवसांत भिस्त ठेवू नये. पुण्यात डिसेंबरात भर दुपारी सूर्य ४८ अंशांवर असतो, म्युनिकला जेमतेम साडेअठरा. आडव्या पॅनेलवर तिथे स्वच्छ उन्हातही थेट किरणांचा एक तृतीयांश भागच पडतो, आणि त्यावर बर्फ साचला की तोही नाही. लिथियम बॅटरीतली जवळजवळ सगळी क्षमता वापरता येते, त्यामुळे ती इथे खूपच सरस. पण शून्याखाली तिला चार्ज केलं तर आत धातुरूप लिथियमचा थर बसतो आणि ती कायमची दुबळी होते. तिची जागा उबदार राहत्या भागातच हवी.

ज्यांना बॅटरीची ही चिंताच नको, त्यांनी जुन्या कॅरॅव्हॅनकडे, म्हणजे मोटारीमागे ओढायच्या फिरत्या घरांकडे, पाहावं. त्यांतल्या ट्रुमा एस मालिकेच्या गॅस हीटरमध्ये गरम हवा आपोआप वर चढते, पंखा ऐच्छिक असतो, ठिणगीपुरते पेन्सिल सेल किंवा पायझो बटण पुरतं. गाडीचे कोपरे तितकेसे तापत नाहीत, आणि सिलिंडरमध्ये प्रोपेनच हवा, कारण ब्युटेन उणे अर्ध्या अंशाखाली वायूरूप घेत नाही.