मुंबईतलं नाविकांचं बंड, फेब्रुवारी १९४६

१८ ते २३ फेब्रुवारी १९४६ या दिवसांत मुंबई बंदरातल्या रॉयल इंडियन नेव्हीच्या भारतीय खलाशांनी ब्रिटिश अधिकाऱ्यांचे हुकूम मानणं बंद केलं आणि जहाजांवरची ब्रिटिश निशाणं उतरवली. त्यांना पाठिंबा द्यायला शेवटच्या दोन दिवसांत गिरणी कामगार रस्त्यावर आले आणि त्यांच्यावर पोलीस आणि लष्कराने गोळीबार केला, या सगळ्याला मिळून नाविकांचं बंड म्हणतात. पुस्तकांत याला दोनचार ओळी मिळतात आणि त्यातही फक्त जहाजं दिसतात. पण सरकारी आकड्यानुसारच २२८ नागरिक मेले, १,०४६ जखमी झाले, आणि ही माणसं नेव्हीतली नव्हती, ती परळ, लालबाग, डिलाईल रोड, भायखळा, भेंडीबाजार इथली साधी माणसं होती. म्हणून बंदराइतकंच गिरणगावाबद्दलही इथे लिहायला हवं.

महायुद्ध ऑगस्ट १९४५ मध्ये संपलं पण मुंबई काही लगेच युद्धातून बाहेर आली नाही. १९४३ पासून रेशन चालू होतं, एप्रिल १९४४ मध्ये व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' हे दारूगोळा भरलेलं जहाज फुटून शेकडो माणसं गेली होती, गोदीच्या आसपासची वस्ती जळाली होती, आणि आता युद्ध संपल्यावर सैन्यातून हजारो पोरं घरी पाठवली जात होती ज्यांच्यासाठी बाहेर नोकऱ्या नव्हत्या. त्यात दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर खटला चालला, त्याने देश पेटलेला होता, मुंबईतसुद्धा २३ जानेवारीला नेताजींच्या वाढदिवसाच्या मिरवणुकीवरून पोलीस आणि लोक यांच्यात चकमकी झाल्याच होत्या.

नेव्हीची गोष्ट आणखी वेगळी. युद्धाआधी ती अगदी लहान होती आणि भरती बरीचशी ठराविक भागांतून व्हायची, त्यात आपल्या रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान दर्यावर्दी पुष्कळ. युद्धात ती कित्येक पटींनी वाढली आणि बंगाल, मद्रास, पंजाब सगळीकडची शिकलेली पोरं आत आली, विशेषतः वायरलेस आणि सिग्नलच्या कामाला. ही पोरं पेपर वाचायची, जगभर बंदरं बघून आलेली होती, आणि त्यांना दिसत होतं की तेच काम करणाऱ्या गोऱ्या खलाशाला पगार जास्त, जेवण चांगलं, आणि आपल्याला खडे निघणारी डाळ. कुलाब्याचं 'तलवार' म्हणजे जहाज नव्हतं, किनाऱ्यावरचं सिग्नल शिकवणारं केंद्र होतं, आणि बंड तिथूनच सुरू झालं हा मला योगायोग वाटत नाही. ज्यांच्या हातात संदेश पाठवायची यंत्रं होती त्यांनीच पहिला नकार दिला आणि मग ती बातमी कुणाला अडवता आली नाही.

आधीची ठिणगी बलाईचंद दत्त या टेलिग्राफिस्टची. नेव्ही डेच्या आदल्या रात्री 'तलवार'च्या भिंतींवर 'क्विट इंडिया', 'जय हिंद' अशा घोषणा रंगवलेल्या सापडल्या, फेब्रुवारीच्या सुरुवातीला सरसेनापती येणार होता तेव्हा परत तेच झालं आणि दत्त पकडले गेले. केंद्राचा कमांडर किंग हा खलाशांना आईबापावरून आणि वंशावरून शिव्या द्यायचा, त्याची तक्रार करून काही झालं नाही. १८ तारखेला सकाळी पोरांनी जेवण नाकारलं, जेवण नाही तर काम नाही, एवढीच घोषणा. दुसऱ्या दिवशी कॅसल बॅरॅक्स, फोर्ट बॅरॅक्स आणि बंदरातली जहाजं सामील झाली, ट्रक भरभरून खलाशी फोर्टात घोषणा देत फिरले, काही ठिकाणी गोऱ्यांवर हात उचलला गेला, तोडफोडही झाली, हे लपवायचं कारण नाही. पण त्याच दिवशी संपाची मध्यवर्ती समिती निवडली गेली, अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग, एक मुसलमान आणि एक शीख, आणि जहाजांवर काँग्रेसचा तिरंगा, मुस्लिम लीगचा हिरवा आणि कम्युनिस्टांचा लाल असे तीन झेंडे एकत्र लागले. मागण्यांमध्ये जेवण आणि पगार तर होताच, शिवाय आझाद हिंदच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून भारतीय सैन्य परत बोलावणं हेही होतं, म्हणजे ही नुसती डाळभाताची भांडणं होती असं म्हणणाऱ्यांनी ती मागण्यांची यादी एकदा नीट वाचावी.

वायरलेसवरून बातमी कराची, मद्रास, विशाखापट्टण, कलकत्ता इथे पोचली. एकूण ७८ जहाजं, २० किनारी ठाणी आणि सुमारे २०,००० खलाशी असा आकडा सहसा दिला जातो. कराचीत 'हिंदुस्तान' जहाजावर तर तोफांची प्रत्यक्ष लढाई झाली.

मुंबईत खरी लढाई २१ तारखेला कॅसल बॅरॅक्सला झाली, टाऊन हॉलच्या मागे, आज जिथे 'आंग्रे' हे नौदलाचं ठाणं आहे तिथे. खलाशांना आत कोंडलं होतं, आधी पहारा मराठा पलटणीचा होता, नंतर गोरे सैनिक आणले गेले, बाहेर पडू पाहणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या आणि आतून खलाशांनी उत्तर दिलं, काही तास हे चाललं. नेव्हीचा प्रमुख अ‍ॅडमिरल गॉडफ्रे रेडिओवरून म्हणाला की सरकारची सगळी ताकद वापरली जाईल, मग ज्या नेव्हीचा तुम्हाला अभिमान आहे ती नष्ट झाली तरी चालेल. बंदरावरून विमानं घिरट्या घालायला लागली. आणि त्याच वेळी गेटवेपाशी लोक फळं, पाव, शिजवलेलं अन्न घेऊन आले, कारण जहाजांवरचं खाणंपिणं तोडलं होतं, आणि तिथे उभ्या असलेल्या हत्यारबंद शिपायांच्या देखत ते जहाजांवर पोचतं केलं गेलं. कुणाचंही कुणी सख्खं नव्हतं तिथे.

कम्युनिस्ट पक्षाने २२ तारखेला मुंबई बंदची हाक दिली, काँग्रेसमधल्या समाजवाद्यांपैकी अरुणा असफअली आणि अच्युतराव पटवर्धन यांनी पाठिंबा दिला, काँग्रेस आणि लीगच्या वरिष्ठांनी मात्र विरोध केला. तरी साधारण तीन लाख कामगारांनी काम बंद ठेवलं. गिरणगावात रस्त्यांवर अडथळे रचले गेले, ट्राम आणि बस थांबल्या, पोस्टं, बँका, धान्याची दुकानं यांच्यावर हल्ले झाले, आणि मग लष्कराच्या लॉऱ्या परळ-लालबागमधून गोळ्या झाडत फिरल्या. परळमध्ये बायकांच्या चळवळीत काम करणाऱ्या कमल दोंदे गोळीने मेल्या, त्यांच्या बरोबरच्या कुसुम रणदिवे यांच्या पायाला गोळी लागली. चाळीतल्या लोकांनी हे सगळं दोन दिवस सोसलं आणि शहर ताब्यात यायला लष्कराच्या दोन पलटणी लागल्या.

वल्लभभाई पटेल तेव्हा मुंबईतच होते. त्यांनी खलाशांना शरण जायला सांगितलं, सूड घेतला जाऊ नये म्हणून काँग्रेस प्रयत्न करेल असंही कळवलं, जिनांनीही तोच सल्ला दिला. सैन्यातली शिस्त मोडली तर उद्या स्वतंत्र भारतालाही सैन्य लागणार आहे, हा पटेलांचा मुद्दा, तो पोकळ नव्हता. गांधीजींना हिंसेसाठी हिंदू-मुसलमान एकत्र येणं पटलं नाही, त्यावर अरुणाबाईंनी उत्तर दिलं की घटनेच्या वाटाघाटींत त्यांना एकत्र आणण्यापेक्षा मी रस्त्यावरच्या अडथळ्यांपाशी एकत्र आणीन. पुढच्या सहा महिन्यांत कलकत्त्यात हिंदू-मुसलमान दंगलीत काय झालं ते बघितलं की मला अरुणाबाईंचं बोलणं जास्त टोचतं, पण नेत्यांच्या हातात तेव्हा वाटाघाटी होत्या, सत्तांतराची बोलणी करायला ब्रिटिश मंत्र्यांचं कॅबिनेट मिशन पाठवण्याची घोषणा १९ फेब्रुवारीलाच झाली होती, आणि हातातलं सोडून बंदुका घेतलेल्या पोरांच्या मागे जाणं त्यांना परवडणारं नव्हतं, हेही खरं.

२३ तारखेला पहाटे शरणागतीची खूण म्हणून जहाजांवर काळे झेंडे लागले आणि संप संपला. जाताना समितीने लोकांना निरोप दिला की आम्ही शरण जातोय ते ब्रिटिशांना नाही तर भारताला, आणि सैनिकांचं आणि रस्त्यावरच्या माणसांचं रक्त पहिल्यांदाच एका कामासाठी एकत्र सांडलं. शिक्षा नाही होणार हे आश्वासन टिकलं नाही. शेकडो जणांना पकडून मुलुंडच्या छावणीत ठेवलं, नंतर नोकरीवरून काढलं, आणि स्वातंत्र्यानंतर भारताच्या किंवा पाकिस्तानच्या नेव्हीने त्यांना परत घेतलं नाही. बऱ्याच वर्षांनी भारतीय नौदलाने दत्त आणि मदन सिंग यांची नावं आपल्या टगबोटींना दिली आणि कुलाब्यात खलाशांचं स्मारक उभं राहिलं.