मण्यांची माळ आणि फुगलेल्या शिरा

वयात येणाऱ्या मुलांना तपासताना काही डॉक्टर एक माळ हातात घेतात. 12 लंबगोल मणी. सगळ्यांत लहान 1 मिलिलिटरचा, सगळ्यांत मोठा 25 चा. एका हाताने वृषण चाचपायचं आणि दुसऱ्या हाताने त्याच्या जोडीचा मणी शोधायचा, एवढंच तंत्र. आंद्रेआ प्राडर या स्विस डॉक्टरांनी रूढ केलेलं हे साधन, ऑर्किडोमीटर, सोनोग्राफीच्या काळातही टिकून आहे. 4 चा मणी जुळला की मुलगा वयात येऊ लागला असं धरतात. पूर्ण वाढ झालेल्या पुरुषाचा मणी बहुधा 15 ते 25 च्या दरम्यानचा असतो.

उजवीकडे 12 आणि डावीकडे 8 जुळला, तर डॉक्टर मुलाला उभं करून, श्वास रोखून कुंथायला सांगतात. अंडकोशाच्या वरच्या भागात गांडुळांच्या गुंत्यासारखं काही हाताला लागलं, तर ते व्हेरिकोसिल. म्हणजे वृषणातलं रक्त परत नेणाऱ्या शिरा फुगणं. पायावरच्या व्हेरिकोज व्हेन्सचंच हे भावंड. साधारण 15 टक्के पुरुषांत ते असतं आणि त्यांतल्या बहुतेकांना मुलंही होतात. मात्र मूल होत नाही म्हणून तपासणीला येणाऱ्या पुरुषांत हेच प्रमाण 35 ते 40 टक्क्यांवर जातं.

हे दुखणं बहुतेकदा डावीकडेच होतं. ते का, याचं उत्तर शरीराच्या नळजोडणीत आहे. उजव्या वृषणाची शीर पोटातल्या मोठ्या महाशिरेला तिरकी जाऊन मिळते. डावीला मात्र आणखी वर चढून मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळावं लागतं. उभ्या माणसात रक्ताचा हा लांबलचक स्तंभ शिरेतल्या झडपांवर भार टाकतो. झडपा ढिल्या पडल्या की रक्त खाली उतरून तुंबतं.

तुंबलेलं रक्त सोबत उष्णता आणतं, आणि शुक्राणूंना ती सोसत नाही. वृषणं शरीराबाहेर लोंबतात ती दोन-तीन अंश थंड राहावीत म्हणूनच. खाली येणाऱ्या धमनीभोवती शिरांचं जाळं असतं. परतीचं थंड रक्त धमनीतल्या रक्ताची उष्णता काढून घेतं. शिरा फुगल्या की ही सोय बिघडते. पेशींवरचा ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे ऑक्सिजनच्या घातक रेणूंचा मारा, वाढतो, शुक्राणूंची संख्या आणि हालचाल घटते, त्यांच्या डीएनएत तुटी वाढतात. वृषणाचा बहुतांश भाग शुक्राणू बनवणाऱ्या बारीक नलिकांनीच व्यापलेला असल्याने त्या रोडावल्या की मणीही लहान होतो.

उपाय म्हणजे बिघडलेल्या शिरा बांधून रक्ताला चांगल्या वाटेने वळवणं. आज जांघेजवळ छोटा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली केलेली शस्त्रक्रिया सर्वांत चांगली मानली जाते. त्यात धमनी आणि लसीकावाहिन्या, म्हणजे जादा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, ओळखून जपता येतात. दुसरा मार्ग एम्बोलायझेशनचा: शिरेतून बारीक नळी सरकवून ती आतूनच बंद करायची.

मग वृषण पुन्हा वाढतं का? वाढत्या वयात अनेकदा हो. दोन बाजूंत 20 टक्क्यांहून जास्त फरक असेल आणि पुन्हा मोजल्यावरही तो टिकला, तर शस्त्रक्रियेचा विचार करतात. त्यानंतर बऱ्याच मुलांत डावं वृषण उजव्याला गाठतं. पण या वाढीकडे मी जरा संशयाने बघतो. एक तर वयात येताना दोन्ही वृषणं सारख्या गतीने वाढत नाहीत, त्यामुळे काही मुलांत काहीच न करताही फरक भरून निघतो. दुसरं असं, की शस्त्रक्रियेत लसीकावाहिन्याही बांधल्या गेल्या तर द्रव साचून वृषण सुजतं, आणि सोनोग्राफीत ती सूजही वाढ म्हणूनच मोजली जाते.

तिशीतल्या पुरुषाने आकारावर फार डोळा ठेवू नये. तिथे तो थोडाफार बदलतो किंवा बदलतही नाही, तरी वीर्याचा अहवाल सुधारू शकतो. ढोबळमानाने तिघांपैकी दोघांत तो सुधारतो. गर्भधारणेचा हिशेब मात्र इतका सरळ नाही, त्यावर तज्ज्ञांचा वाद बरीच वर्षं चालला. काही अभ्यासांत मुळात चांगलं वीर्य असलेले, किंवा फक्त सोनोग्राफीतच दिसणारं व्हेरिकोसिल असलेले पुरुषही घेतले होते. अशांना फायदा दिसणार तरी कुठून? म्हणून आता हाताला लागणारं व्हेरिकोसिल, बिघडलेला वीर्य अहवाल आणि मूल हवं असलेलं जोडपं, असं तिन्ही जुळलं की शस्त्रक्रिया सुचवतात. पत्नीचं वय जास्त असेल तर आयव्हीएफचा, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीचा, विचार आधी होतो.

कारण इथे वेळ लागतोच. एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस, आणि पुढच्या नळीत पक्व व्हायला आणखी आठवडा-दोन आठवडे. शस्त्रक्रियेनंतर महिन्याभरात केलेल्या तपासणीत दिसतात ते आधीच्याच गरम दिवसांत घडलेले शुक्राणू. पहिली वीर्यतपासणी तीन महिन्यांनी, तीही याच कारणाने.