एडिथ आणि एथेल एकच नाहीत

एडिथ आणि एथेल ही दोन्ही 'जुनी अँग्लो-सॅक्सन नावं' (म्हणजे साधारण ५व्या ते ११व्या शतकातल्या इंग्लंडातली) म्हणून एकाच ओळीत ठोकलेली इतक्यांदा दिसतात की आता लिहायलाच हवं. एडिथ बऱ्याच जणांना माहितीये, वसई-गोव्याकडे एखादी एडिथ आंटी असतेच. मूळ रूप एअडगिथ, एअड म्हणजे संपत्ती किंवा भाग्य, गिथ म्हणजे युद्ध. एथेल म्हणजे थोर कुळातलं. अर्थाचा फरक एवढाच, तो सोडा.

खरी गफलत वेगळीच आहे. एडिथ हे आख्खं नाव आहे आणि त्या काळात बायका ते नाव लावायच्या. एथेल हा नावाचा फक्त पहिला तुकडा. तेव्हा नावं असायची एथेलफ्लेड, एथेलथ्रिथ, एथेलबुर्ग अशी, आणि नुसतं एथेल मुलीचं नाव म्हणून रूढ झालं ते थेट १९व्या शतकात, व्हिक्टोरियन लोकांना जुन्या सॅक्सन नावांचं वेड लागलं तेव्हा.

हे तुकडे चालायचे कसे ते वेसेक्सच्या, म्हणजे दक्षिण इंग्लंडातल्या सॅक्सन राज्याच्या, राजघराण्यात बघा. तिथल्या ९व्या शतकातल्या आल्फ्रेड राजाचे वडील एथेलवुल्फ, भाऊ एथेलबाल्ड, एथेलबर्ट, एथेलरेड, मुलगी एथेलफ्लेड, जिने पुढे शेजारचं मर्सियाचं राज्य सांभाळलं आणि ९१८ मध्ये टॅमवर्थला वारली. आल्फ्रेडच्या मुलाचं नाव मात्र एडवर्ड, म्हणजे एअडवालं, आणि मग त्याच्या पोरांत एडमंड, एडरेड आणि एक एडिथ. तुकडा म्हणजे घराण्याची खूण, म्हणून कोणी 'एडिथ म्हणजे संपत्तीसाठी लढणारी' असं छापलं की माझं डोकंच फिरतं. दोन तुकडे जोडून वाक्य करायचं नसतं हो!

ही एडिथ जर्मनीच्या पहिल्या ऑटोला दिली होती, ९४६ मध्ये गेली. २००८ साली माग्डेबुर्गच्या कॅथेड्रलमध्ये तिच्या नावाची शिशाची पेटी सापडली, आतल्या हाडांसोबतच्या दातांचं इनॅमल तपासलं तर त्या बाईचं लहानपण दक्षिण इंग्लंडातल्या चुनखडीच्या भागात गेलेलं निघालं. २०१० मध्ये ते जाहीर झालं.

तेव्हा मुलीला अस्सल सॅक्सन नाव हवं असेल तर डोळे झाकून एडिथ ठेवा. आणि एथेलवरच जीव असेल तर ऑड्री ठेवा, इंग्लंडातल्या इलीच्या मठाची संत एथेलथ्रिथ, ६७९ मध्ये वारलेली, तिचंच नाव लोकांच्या तोंडी झिजून ऑड्री झालंय, आणि एथेलपेक्षा मला ते कितीतरी जास्त आवडतं.