जुनी अमेरिकन घड्याळं जमवणं

जुनी अमेरिकन घड्याळं जमवणं म्हणजे साधारण १८०० ते १९३० या काळात अमेरिकेत, त्यातही मुख्यतः कनेक्टिकट राज्यात बनलेली चावीची टोल्यांची घड्याळं शोधायची, ओळखायची, चालू करायची आणि घरात टांगायची (मग घरच्यांची बोलणी खायची, तो भाग वेगळा). गंमत म्हणजे यातली बहुतेक घड्याळं मुळात सामान्य माणसाला परवडावीत म्हणूनच बनवलेली, राजेरजवाड्यांसाठी नाही.

सुरुवात कनेक्टिकटच्या एलाय टेरी या घड्याळ बनवणाऱ्यापासून. १८०७ मध्ये त्याने तीन वर्षांत घड्याळांची ४००० लाकडी यंत्रं (म्हणजे पेटीच्या आतली चाकांची यंत्रणा) बनवायचं कंत्राट घेतलं, तेव्हा एकेक घड्याळ हाताने घासून करायचा जमाना होता, लोकांना तो वेडाच वाटला असणार. पण त्याने पाण्यावर चालणारी मशिनं लावली, एकसारखी चाकं कापली आणि काम पूर्ण केलं. त्याच्याकडे काम केलेल्या सेथ थॉमसने १८१३ मध्ये स्वतःचा कारखाना काढला आणि पुढे त्याच्या गावाचं नावच थॉमस्टन झालं.

लाकडी चाकांचा प्रॉब्लेम असा की समुद्रप्रवासात दमट हवेने ती फुगायची, म्हणजे एक्सपोर्ट जवळपास अशक्य. चॉन्सी जेरोम या कनेक्टिकटच्याच घड्याळ कारखानदाराने स्वस्त पितळी यंत्र बाजारात आणलं आणि १८४२ मध्ये माल थेट इंग्लंडला पाठवला. किंमत इतकी कमी लावलेली की तिथल्या कस्टमवाल्यांना वाटलं हा ड्यूटी चुकवतोय, म्हणून त्यांनी सगळा माल त्याच किमतीला, वर थोडे पैसे देऊन, सरकारजमा केला. जेरोमला आयतं गिऱ्हाईक मिळालं, त्याने लगेच पुढचा माल पाठवला! शेवटी मात्र कंपनी बुडाली.

जमवणाऱ्यांच्या तोंडी कायम असणारी कंपन्यांची नावं म्हणजे सेथ थॉमस, अन्सोनिया, वॉटरबरी, न्यू हेवन, गिल्बर्ट, इन्ग्रॅहम. ओजी म्हणजे इंग्रजी एस अक्षरासारख्या वळणाची चौकट असलेलं लांबट पेटीघड्याळ, जिंजरब्रेड म्हणजे ओकच्या लाकडावर दाबून नक्षी उठवलेलं स्वयंपाकघरातलं घड्याळ, आणि बँजो म्हणजे त्या नावाच्या वाद्याच्या आकाराचं भिंतीवरचं घड्याळ, हा प्रकार सायमन विलर्ड या घड्याळ बनवणाऱ्याचा, पेटंट १८०२ चं, तो मात्र खरोखर महागातला. अन्सोनियाची चिनी मातीची घड्याळंही लोक आवडीने घेतात, त्यातल्या बऱ्याच पेट्या जर्मनीतल्या बॉनहून यायच्या. या कंपनीची यंत्रसामग्री १९२९ च्या सुमारास सोव्हिएत रशियाने विकत घेतली.

ओळखायचं कसं, तर दार उघडून आधी आतला छापील कागद बघायचा. कारखान्याचं नाव, चावी कशी द्यायची ते आणि 'नीट वापरलंत तर गॅरंटी' अशा अर्थाची ओळ त्यावर असते. कागद शाबूत असेल तर भाव वाढतो. सेथ थॉमसच्या बऱ्याच घड्याळांवर मागे किंवा खाली उलट्या क्रमाने लिहिलेलं साल आणि महिन्याचं अक्षर असतं, ६८८१ एच म्हणजे १८८६ चा ऑगस्ट (एच हे आठवं अक्षर).

फसवणूक होते ती जोडकामात, म्हणजे पेटी एकाची, यंत्र दुसऱ्याचं, लंबक तिसऱ्याचा. मुंबईच्या चोर बाजारात जुनी अमेरिकन घड्याळं अजून दिसतात, तिथे घेताना हेच बघावं लागतं, डायलवरचं नाव आणि यंत्रावरचा शिक्का जुळतो का. नवीन पॉलिश मारून चकचकीत केलेली पेटी तर मला बघवतच नाही, जुनं व्हार्निश गेलं की अर्धं घड्याळ गेलं.

अजून एक, स्वतः खोलायचं असेल तर आधी स्प्रिंगचा ताण उतरवा. बहुतेक अमेरिकन घड्याळांत स्प्रिंग डबीत नसते, उघडी असते, आणि ती अचानक सुटली तर चाकांचे दात जातात आणि बोटंही सोलवटतात. तेल फक्त चाकांच्या आसांच्या टोकांना, तेही थेंबभर. शिवणयंत्राचं तेल ओतून ठेवलेली घड्याळं घड्याळजीकडे आली की त्याचं पहिलं अर्धा तास तोंडच चालू असतं.